भाड्याची लेखणी

अर्धापूरच्या परिसरात पैसा महिन्याला येत नाही. तो हंगामाला येतो. इसापूर धरणाच्या कालव्याने ज्या शिवारांना पाणी दिले त्या शिवारांत केळीच्या बागा उभ्या राहिल्या, आणि मृगबाग असो वा कांदेबाग, लागवडीपासून घड कापणीला येईपर्यंत वर्षभराचा काळ जावा लागतो. हळद जमिनीतून निघून, शिजून, वाळून, नांदेड-वसमतच्या बाजारात पोहोचेतो उन्हाळा लागतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती पडतो आणि बहुधा त्याच महिन्यात दुकानदाराची उधारी व सोसायटीचे कर्ज फेडण्यात संपतो. ज्या समाजाच्या अर्थव्यवहाराची लय अशी आहे, त्या समाजात दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला न चुकता वसूल होणारे भाडे ही केवळ रकमेची बाब राहत नाही. ती जीवनक्रमाशी विसंगत अशी एक अट होऊन बसते. संगणकावर चित्र काढणाऱ्या, छायाचित्रे संस्कारणाऱ्या, अक्षरे जुळवणाऱ्या आणि भजने ध्वनिमुद्रित करणाऱ्या हौशी माणसाला गेल्या दशकभरात नेमक्या याच अटीस तोंड द्यावे लागत आहे.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटण्याचा संभव आहे. जेथे पावसाचा एक खंड अख्ख्या कुटुंबाचे वर्ष उलथून टाकतो, तेथे संगणकीय साधनाचा परवाना कायमचा असावा की मुदतीचा याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु ज्या समाजात उपजीविकेची चिंता मोठी आहे त्याच समाजात हौसेला अधिक जपावे लागते, असे माझे मत आहे; कारण तेथे कलेचा बहुतांश व्यवहार हौशी माणसांच्याच खांद्यावर उभा असतो. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी नांदेड केंद्रावर होते तेव्हा रंगमंचावर येणारे कारकून, प्राध्यापक आणि विद्यार्थी हे कलेवर पोट भरणारे नसतात, आणि तरीही त्यांच्यावाचून या भागातील रंगभूमीचा इतिहास लिहिता येणार नाही. त्यांच्याच कुळीतला एक माणूस आता तालुक्याच्या गावात संगणकापुढे बसलेला दिसतो.

त्याचे काम जवळून पाहावे. गावात अखंड हरिनाम सप्ताह ठरला की त्याची पत्रिका काढावी लागते. वरच्या बाजूस विठ्ठल-रुक्मिणी, ज्ञानोबा-तुकोबा आणि ग्रामदैवत. मध्ये पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंतचा नित्यक्रम. त्याखाली रोजच्या कीर्तनकारांची नावे, गावे आणि छायाचित्रे. शेवटी काल्याचे कीर्तन. आणि मग अन्नदाते, मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी, चोपदार यांची लांबलचक नामावळी, जिच्यातून एखादे नाव सुटले तर त्याचा रुसवा पुढच्या सप्ताहापर्यंत टिकतो. ही पत्रिका गावातील एखादा शिक्षक किंवा सोसायटीचा गटसचिव रात्री जागून, एक पैसाही न घेता तयार करतो. तो ती दर वर्षी नव्याने रचीत नाही. तो मागील वर्षीची फाइल उघडतो, तिथी आणि तारखा बदलतो, वर्षभरात गेलेल्यांच्या नावामागे वैकुंठवासी हा शब्द लावतो, नव्याने आलेल्यांची नावे घालतो, आणि महिरपीचा रंग थोडा पालटून पुन्हा साठवतो. अशा एका फाइलीत गावाची कित्येक वर्षे थरावर थर चढून बसलेली असतात. हे काम वर्षातून पंधरा दिवसांचे. पुढे लग्नसराईत नात्यागोत्यातल्या दोन-चार पत्रिका, डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनाची पुस्तिका, गणपतीत मंडळाचे अहवाल, इतकाच त्याचा विस्तार. मधल्या महिन्यांत साधन निजलेले असते, आणि भाडे मात्र जागे असते. ते थांबवावे तर पुढच्या सप्ताहात स्वतःच रचलेली स्वतःची फाइल उघडण्यासाठी पुन्हा परवानगी विकत घ्यावी लागते.

ही स्थिती पूर्वी नव्हती. देवनागरीचा संगणकात प्रवेश झाला तो काळ आजच्या पन्नाशीतल्या माणसाच्या स्मरणातला आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले आणि कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या जिस्ट तंत्राचा त्याने विस्तार करून भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या; पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी मराठी छापखान्यांत रुजली; आल्डस कंपनीने १९८५ साली काढलेले आणि १९९४ मध्ये त्या कंपनीसह अ‍ॅडोबीकडे गेलेले पेजमेकर, तसेच १९८९ चे कोरलड्रॉ, ही दोन साधने तालुक्यातालुक्यांत पोहोचली. ट्रेडल यंत्रावर खिळे जुळवणारा कंपोझिटर गेला आणि त्याच्या जागी डीटीपी ऑपरेटर आला. श्री-लिपीसोबत संगणकाच्या पाठीमागे खोचायचा बोटाच्या पेराएवढा एक तुकडा येई, त्याला ऑपरेटर लॉक म्हणत. लॉक जागेवर असेल तर अक्षर उमटायचे, नसेल तर नाही. त्या लॉकने छापखानेवाल्यांना पुष्कळ त्रास दिला, हे खरे. ते हरवले किंवा जळाले तर काम ठप्प होई आणि एका लॉकवर दुसरा संगणक चालत नसे. परंतु त्या व्यवस्थेत एक सरळपणा होता. ज्याच्या हातात लॉक तो त्या अक्षरांचा वहिवाटदार, आणि ही वहिवाट पुण्यातून, मुंबईतून किंवा समुद्रापलीकडून कोणी एका रात्रीत काढून घेऊ शकत नसे. कंपनी बुडाली, मालक बदलला, विक्रेत्याने फोन उचलणे सोडले, तरी टेबलावरचे यंत्र सकाळी तसेच सुरू होई.

मोड पडला तो २०१२-१३ मध्ये. अ‍ॅडोबीने २०१२ साली क्रिएटिव्ह क्लाउड ही वर्गणीची योजना आणली, मे २०१३ मध्ये यापुढे कायम परवान्याची नवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले, आणि सीएस-६ ही अखेरची विकत मिळणारी आवृत्ती ठरली. तिचीही विक्री २०१७ मध्ये थांबली. छायाचित्रकारांच्या लाइटरूमची सहावी आवृत्ती, २०१५ ची, ही तशीच शेवटची. पाहता पाहता इतर अनेक कंपन्यांनी हाच मार्ग धरला. मराठी वाचकाने या घटनाक्रमातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण तिच्याकडे आपल्याकडे कोणी पुरेसे पाहिले नाही. इनडिझाइन या पृष्ठरचनेच्या साधनात मराठीसह दहा भारतीय भाषांची जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार नीट बसवण्याची सोय पहिल्यांदा आली ती सीएस-६ मध्येच. म्हणजे ज्या आवृत्तीत आपली लिपी प्रथम शुद्ध रूपात उभी राहिली, तीच आवृत्ती विकत घेऊन जवळ ठेवता येणारी शेवटची आवृत्ती झाली. रोमन लिपीच्या लोकांनी मालकीचा काळ पंचवीस वर्षे उपभोगला. देवनागरीच्या वाट्याला त्या कंपनीच्या घरात तो एकाच आवृत्तीपुरता आला.

कंपन्यांची बाजू निराधार आहे असे मी म्हणणार नाही, आणि ती प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय पुढे जाणेही योग्य होणार नाही. संगणकाचे साधन म्हणजे एकदा ओतून तयार झालेले लोखंड नसते. विंडोज बदलते, यंत्रे बदलतात, छिद्रे सापडतात, आणि दुरुस्तीसाठी अभियंत्यांना दर महिन्याला पगार द्यावा लागतो. कायम परवान्याच्या काळात हा पगार काढण्यासाठी दर दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढून ग्राहकाला मोहात पाडावे लागे, आणि गरजेपेक्षा दिखाऊ सुधारणांचा भरणा करावा लागे. शिवाय एकरकमी किंमत सामान्यांच्या आवाक्यातील नव्हतीच: फोटोशॉप सीएस-६ ची अमेरिकेतील किंमत ६९९ डॉलर होती, तर छायाचित्रकारांसाठीची वर्गणी पुढे महिना ९.९९ डॉलरवर आली. ज्याला दोनच महिन्यांचे काम आहे, किंवा ज्याचा धंदाच त्या साधनावर चालतो आणि खर्च ग्राहकाच्या बिलात जातो, त्याला वर्गणी सोयीची आहे. नांदेडच्या एखाद्या जाहिरात संस्थेने ती आनंदाने भरावी. माझा वाद त्या संस्थेशी नाही आणि वर्गणी या कल्पनेशीही नाही. वाद आहे तो वर्गणी थांबल्यानंतर काय उरते, या एका मुद्द्याशी.

व्यावसायिकाचे जुने काम हे झालेले काम असते. पैसे मिळाले, छापून गेले, विषय संपला. हौशी माणसाच्या बाबतीत जुने काम हीच सारी पुंजी असते. त्याचे मोल बाजारात शून्य आणि त्याच्या लेखी अपार. म्हणून वर्गणी थांबल्यावर व्यावसायिक हत्यार गमावतो, तर हौशी माणूस हत्यारासह स्वतःचा भूतकाळही गमावतो. त्याच्या संगणकावर फाइली असतात, त्यांची नावे दिसतात, त्यांचे आकारमान दिसते. पण त्यांच्या आतले थर, बदलता येणारी अक्षरे, सुटी सुटी चित्रे हे सर्व अशा एका स्वरूपात बंद असते, ज्याची किल्ली दुसऱ्याकडे आहे. आणि ही किल्ली केव्हा फिरेल हे नेहमीच ग्राहकाच्या वागणुकीवर अवलंबून असते असेही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका आदेशाचा अर्थ लावून अ‍ॅडोबीने व्हेनेझुएलातील सर्व ग्राहकांची खाती बंद करण्याचे जाहीर केले. त्या चित्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी पैसे थकवले नव्हते. त्यांचा अपराध एवढाच की ते एका विशिष्ट देशात राहत होते. पुढे सरकारची परवानगी मिळवून कंपनीने हा निर्णय मागे घेतला, हेही नमूद केले पाहिजे. तथापि मध्यंतरीच्या दिवसांत कराकसमधील हौशी चित्रकाराला जे कळले ते कोणत्याही देशातील चित्रकाराने विसरू नये.

तरी कायम परवान्याचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकणे बरे नाही. कायम हा शब्द परवान्याला लागतो, यंत्राला नाही. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची. तिच्यासाठी विंडोज एक्सपीचा एखादा म्हातारा संगणक कोपऱ्यात जपून ठेवलेला छापखाना अजून आढळतो, आणि तो संगणक बंद पडेल त्या दिवशी त्यावरचे सारे अंक, स्मरणिका आणि पत्रिका अवघड होऊन बसतील. ज्यांनी त्या काळी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मजकूर बसवला, त्यांना आज ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी अर्थहीन रोमन चिन्हांची रांग दिसते; देवनागरी १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत आली होती, परंतु छापखान्यांपर्यंत ती पोहोचायला पुढे बराच काळ लागला. काही कायम परवान्यांना कंपनीच्या सर्व्हरकडून एकदा मान्यता घ्यावी लागे, आणि सर्व्हर बंद झाला की तो कायमपणा कागदावरच राही. सीएस-२ चा असा सर्व्हर २०१२ च्या अखेरीस बंद करताना अ‍ॅडोबीने मान्यतेची गरज नसलेली प्रत जुन्या ग्राहकांसाठी उपलब्ध केली होती, ही तिच्या बाजूने सांगण्याजोगी गोष्ट आहे. अ‍ॅपलने २०१९ मध्ये बत्तीस बिटांच्या प्रणाली चालवणे थांबवले तेव्हाही विकत घेतलेली अनेक साधने निरुपयोगी झाली. म्हणजे मालकी असली तरी झीज आहेच. पण झीज आणि जप्ती यांत भेद आहे. झिजणारे साधन माणसाला वेळ देते. त्याला जुने यंत्र जपता येते, फाइली हलवता येतात, आपल्या सवडीने मार्ग काढता येतो.

कायद्याने या भेदाची दखल घेतलेली आहे, पण अर्धीच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या २००४ च्या निकालात, डब्यातून विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकराच्या दृष्टीने मालवस्तूच आहे असे ठरवले. आणि २०२१ च्या मार्चमध्ये दुसऱ्या एका निकालात, असे सॉफ्टवेअर घेणारा स्वामित्वहक्क विकत घेत नाही, तो आपल्या वापराची एक प्रत घेतो, हे विस्ताराने स्पष्ट केले. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात प्रोग्रामच्या प्रतीचा कायदेशीर कब्जा असणाऱ्यास ती नष्ट होण्याच्या भयास्तव राखीव प्रत करून ठेवण्याची मुभा आहे. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी, मुदतीविना दिलेला परवाना म्हणजे विक्रीच होय आणि घेणाऱ्याला ती प्रत पुढे विकताही येते, असा निर्णय दिला. हे सारे संरक्षण ज्याच्या हाती प्रत आहे त्याला मिळते. वर्गणीदाराच्या हाती प्रत नसतेच. त्याच्याकडे असते ते मुदतीचे प्रवेशपत्र. त्यामुळे कंपन्यांनी विक्रीकडून भाड्याकडे वळताना किमतीची पद्धत बदलली एवढेच घडले नाही. न्यायालयांनी ग्राहकाला कष्टाने दिलेली हक्कांची जागाच त्याच्या पायाखालून निघून गेली. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याच्या आपोआप वसुलीला पूर्वसूचनेचे व ठराविक रकमेपुढे ग्राहकाच्या प्रत्यक्ष संमतीचे बंधन घातले, ते स्तुत्यच आहे. अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर फिर्याद केली तिच्यातही मुख्य तक्रार अशी होती की मुदतीआधी वर्गणी सोडल्यास लागणारा दंड ग्राहकापासून झाकून ठेवला गेला. या दोन्ही उपायांनी ग्राहकाचा पैसा राखला जाईल. त्याचे काम कोण राखणार, हा प्रश्न तसाच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठवाड्यातल्या माणसाला फार दूर जाण्याचे कारण नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या रियासतीत होतो, आणि येथील शेतकरी समाजाला दुसऱ्याच्या जमिनीवर घाम गाळणे म्हणजे काय, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. पट्टा एकाच्या नावे, नांगर दुसऱ्याच्या हातात. बोली तोंडी, मुदत सालाची. बांध घातले, विहीर उपसली, दगडगोटे वेचून खडकाळ तुकडा काळा केला, तरी पुढच्या पाडव्याला जमीन कोणाकडे जाईल याचा भरवसा नाही. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने या स्थितीत जो पालट केला त्याचे तत्त्व मला आजच्या विषयात फार मोलाचे वाटते. ज्याने ठरावीक काळात सलग सहा वर्षे जमीन कसली त्याला संरक्षित कूळ मानावे, कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून त्याला बेदखल करता येऊ नये, आणि जमीन विकायची झाली तर आधी त्याला विचारावे, असे त्या अधिनियमाने ठरवले. खंड देण्याचे कर्तव्य त्याने रद्द केले नाही; जमीनमालकाचा हक्कही एका फटक्यात पुसला नाही. त्याने एवढेच मान्य केले की सतत दिलेला खंड आणि सतत केलेली मशागत यांतून एक हक्क साठत जातो, आणि तो सालअखेरीस शून्यावर आणता येणार नाही.

जमीन आणि संगणकाचे साधन यांत अंतर आहे, हे मी जाणतो. जमीन मोजकी असते, प्रत कितीही काढता येते. जमिनीला अभियंते लागत नाहीत, साधनाला लागतात. परंतु हक्क साठण्याचे तत्त्व दोहोंना लागू पडते, आणि ते व्यवहारात आणता येते याचा दाखलाही उपलब्ध आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्स या मूळच्या झेक कंपनीने सप्टेंबर २०१५ मध्ये वर्गणीची पद्धत जाहीर केली, तेव्हा तिच्या ग्राहकांनी मोठा रोष व्यक्त केला. कंपनीने त्याच महिन्यात योजना सुधारली. सलग बारा महिने वर्गणी भरणाऱ्यास, पुढे त्याने ती थांबवली तरी, त्या वर्षाच्या प्रारंभी असलेली आवृत्ती कायमची वापरता येईल असे तिने कबूल केले. नव्या सुधारणा हव्या असतील तर पैसे भरावेत. नको असतील तर आहे ते आपल्याजवळ ठेवावे. कंपनी बुडाली नाही, अभियंत्यांचे पगार थांबले नाहीत. चित्रकारांच्या, छायाचित्रकारांच्या आणि संगीतकारांच्या साधनांना हीच कबुलायत लागू का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात कोठेही आलेले नाही.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. आपल्या लहान गावांत अनेकांनी ही साधने पैसे मोजून कधी घेतलीच नाहीत. संगणक जुळवून देणाराच फोटोशॉप आणि कोरलड्रॉ टाकून देई, आणि घेणाऱ्याला ते संगणकाचाच एक भाग वाटे. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा आहे. स्वामित्वहक्क अधिनियमात जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कंपन्या म्हणतात की या चोरीमुळेच आम्हांला वर्गणीकडे वळावे लागले. मला हे कारण पुरेसे वाटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हौशी माणसाची प्रामाणिक होण्याची इच्छा बहुधा उशिरा जागी होते: नोकरी लागल्यावर, मुलगा कमावता झाल्यावर, एखाद्या वर्षी बागेला चांगला भाव मिळाल्यावर. त्या वेळी एकरकमी पैसे देऊन आपले साधन नियमात आणण्याची वाट मोकळी असेल, तर ती वाट चालणारे लोक माझ्या पाहण्यात पुष्कळ आहेत. ट्रॅक्टर, मोटार, शिवणयंत्र हे सारे याच रीतीने घरात येते. चांगल्या सालाचा पैसा कायमच्या वस्तूत घालण्याची आमची जुनी रीत आहे, आणि वर्गणीने नेमकी हीच वाट बुजवली. परिणामी जो माणूस एकदा पाच-दहा हजार रुपये देऊन निर्मळ झाला असता, तो आयुष्यभर भाडे देण्याचे ओझे पाहून जुन्या, चोरीच्या प्रतीलाच चिकटून राहतो.

मध्यंतरी एक आशादायक अपवाद उभा राहिला होता. सेरिफ या इंग्लंडमधील कंपनीने २०१४ पासून अ‍ॅफिनिटी नावाची साधने क्रमाने काढली, चित्रासाठी, छायाचित्रासाठी आणि २०१९ पासून पृष्ठरचनेसाठीही. किंमत माफक, एकदाच द्यायची. जगभरच्या हौशी मंडळींनी तिचे स्वागत केले. मार्च २०२४ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या कॅन्व्हाने विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी आवृत्ती सर्वांना फुकट केली; मात्र त्यासाठी कॅन्व्हाचे खाते लागते. फुकट मिळणे ही हौशी माणसाला मोठी सोय आहे, आणि तिचा लाभ त्याने अवश्य घ्यावा. पण फुकट मिळालेल्या वस्तूवर हक्क सांगता येत नाही. दात्याची मर्जी आहे तोवर ती आपली, आणि मर्जीवर चालणाऱ्या व्यवस्थेचे भवितव्य आपल्या भागाने रियासतीच्या काळात पुरेसे पाहिलेले आहे. विकत घेतलेल्या जुन्या अ‍ॅफिनिटीची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती जपून ठेवावी.

हक्क आणि मोफत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रदेशात. १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले जिंप, २००३ चे इंकस्केप, चित्रकारांचे क्रिता, पृष्ठरचनेचे स्क्रायबस, ध्वनिमुद्रणाचे ऑडॅसिटी, यांच्या परवान्यातच अशी अट आहे की एकदा हाती आलेली प्रत कोणी परत मागू शकणार नाही. ब्लेंडरची कथा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २००२ साली मूळ कंपनी बंद पडल्यावर टॉन रोझेंदाल यांनी जगभरच्या वापरकर्त्यांकडून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते साधन गुंतवणूकदारांच्या ताब्यातून सोडवले आणि लोकांच्या हवाली केले. त्याच साधनावर लाटव्हियातील एका लहान चमूने केलेल्या फ्लो या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. देवनागरीच्या बाजूनेही वाट आता मोकळी झाली आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू यांसारखे सुबक युनिकोड फॉन्ट खुल्या परवान्यावर कोणालाही मिळतात, आणि त्यांना ना लॉक लागते ना खाते.

अडचणी नाहीत असे नाही. जिंप आणि इंकस्केप छपाईच्या चार रंगांचे काम स्क्रायबसइतके सरळ करीत नाहीत. नांदेडचा छापखाना किंवा अर्धापूरचा फ्लेक्सवाला अजूनही कोरलची सीडीआर फाइल मागतो, आणि दुसरे काही दिले की कपाळाला आठ्या घालतो. शिकवणारा जवळ नसतो. पण या अडचणी शिकण्याच्या आहेत, आणि त्या एकदा ओलांडल्या की परत येत नाहीत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने, तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी आणि शाळांच्या चित्रकला विभागांनी मनावर घेतले तर दोन उन्हाळ्यांच्या शिबिरांत या भागात ही विद्या पसरेल. चित्रकला-शिक्षकांवर माझा विशेष भर आहे, आणि त्याला एक कारण आहे. हौस पूर्णपणे फुलते ती बहुधा निवृत्तीनंतर. तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या ग्रेड परीक्षांच्या चित्रांवर नजर फिरवलेल्या शिक्षकाला स्वतःचे चित्र काढायला वेळ मिळतो तो अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर, म्हणजे पगाराची आवक आटून निवृत्तिवेतनावर संसार आला त्या वेळी. मासिक भाड्याची पद्धत त्याला नेमक्या या टप्प्यावर गाठते. उत्पन्न घटले, वेळ वाढला, पुंजी साठली, आणि हत्यार मात्र दर महिन्याला दारात हात पसरून उभे.

तोवर जे भाडे भरीत आहेत त्यांनी एक काम आजच हाती घ्यावे. आपल्या प्रत्येक मूळ फाइलीच्या शेजारी तिची एक प्रत खुल्या स्वरूपात काढून ठेवावी: पत्रिका आणि पुस्तिका पीडीएफमध्ये, जे २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही, रेखाचित्रे एसव्हीजीमध्ये, छायाचित्रे टिफमध्ये, आणि मजकूर, विशेषतः नावांच्या याद्या, साध्या युनिकोड फाइलीत वेगळा. थर आणि रचना यांचा काही अंश यात गमावला जाईल, हे खरे. पण सप्ताहाच्या पत्रिकेतील मृदंगाचार्यांपासून चोपदारांपर्यंतची सारी नावे त्यातून वाचता येतील, आणि पुढच्या वर्षी ज्याच्याकडे ते काम येईल त्याला ती कोणाचीही परवानगी न घेता नव्याने जुळवता येतील. मूळ फाइल आणि ही प्रत दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी, आणि तिसरी गावच्या ग्रंथालयात द्यावी. ग्रंथपालांनी ती दाखल नोंदवहीत पुस्तकाप्रमाणेच क्रमांक घालून नोंदवून घ्यावी.